पूर ओसरल्यावर आईसाठी जागा शोधताना

आई वृद्धाश्रमात असते हे कळलं की लोक आधी विचारतात, "का बरं, मुलं बाहेरगावी असतात का?" भाऊ पुण्याला असतो, पण मी नागपुरातच आहे, त्रिमूर्तीनगरात. मग पुढचा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, तो चेहऱ्यावर दिसतो. मी सांगते, २०२३ च्या पुरामुळे. हे उत्तर फारसं कुणाला पटत नाही. पाणी रात्रीतून आलं, दिवस मावळायच्या आत बरंचसं ओसरलं, आईला साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि ती आश्रमात गेली दिवाळी झाल्यावर. मग पुराचा संबंध कुठे आला?

पुराने आईला काही केलं नाही. तिला घरी राहता येत होतं ते ज्यांच्या भरवशावर, ती माणसं आणि ती घडी मात्र त्याने मोडली.

कार्पोरेशन कॉलनीतलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, वर भाडेकरू. आई निवृत्त शिक्षिका, तेव्हा वय एक्याऐंशी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन चालायची. विसरायला लागली होती, पण घरातल्या घरात तिचं छान चाललं होतं. सकाळी आठला मावशी यायच्या, संध्याकाळी स्वयंपाक उरकून जायच्या. रात्री सोबतीला एक मुलगी यायची. समोरच्या काकू रोज चारच्या चहाला हजर. वर चंद्रपूरकडची दोन कॉलेजची पोरं भाड्याने राहायची. गॅसचं सिलिंडर बदलणं, बल्ब लावणं ही कामं त्यांची. मी एक दिवसाआड जायची. यातल्या कुणाशी लेखी करार नव्हता, कुणी कुणाचं नातेवाईक नव्हतं. तरी पाच-सहा माणसांनी मिळून एक म्हातारी बाई तिच्या स्वतःच्या घरात राहती ठेवली होती. एखाद्या चांगल्या आश्रमात जेवढी देखरेख होते तेवढी तिथे होत होती, फक्त त्याला कुणी देखरेख म्हणत नव्हतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण २२ सप्टेंबरला, शुक्रवारी होतं. आईच्या घरच्या महालक्ष्म्या म्हणजे सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, फुलोरा, सगळं यथासांग. आता ती नुसती खुर्चीत बसून सांगायची आणि आम्ही करायचो. रात्री दहाच्या सुमारास आवरून मी घरी आले. पाऊस नंतर सुरू झाला. शनिवारी पहाटेपर्यंतच्या काही तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं. अंबाझरी तलाव भरून वाहायला लागला आणि नाग नदीने दोन्ही काठ सोडले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, खाली सीताबर्डीपर्यंत लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरलं.

आमच्याकडे ते दारातून नाही, आधी संडासातून उलटं आलं. रात्रीच्या मुलीला जाग आली तेव्हा चपला तरंगत होत्या. तिने वर आवाज दिला. त्या दोन पोरांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून जिन्याने वर नेलं. दुसऱ्या खेपेला एक जण महालक्ष्म्यांचे मुखवटे घेऊन आला, कारण आई ते घेतल्याशिवाय गप्प बसेना. कोठ्या, साड्या, फुलोरा, सगळं खाली राहिलं. मी दुपारी कशीबशी पोचले तेव्हा ती पोरांच्या गादीवर बसून विचारत होती, "विसर्जनाला हळदीकुंकवाच्या बायका आल्या का?"

शहरात त्या रात्री चार जण गेले. त्यात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एक बाई होत्या. हे वाचलं तेव्हापासून आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोरांचं नाव मी मनातल्या मनात रोज घेते.

एनडीआरएफ, एसडीआरएफ, लष्कराचे जवान, बोटी, हे सगळं टीव्हीवर आलंच. तलावाच्या सांडव्याच्या तोंडाशी काय बांधलं आणि कुणी बांधू दिलं, यावरून पुढे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं. तो विषय माझा नाही. माझा विषय पंचनाम्यापासून सुरू होतो.

सरकारने पाणी शिरलेल्या घरांना दहा हजार आणि दुकानांना पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. पंचनाम्याला माणसं आली, भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेचा फोटो काढला, काय काय गेलं ते विचारलं. मी सांगत गेले: फ्रिज, दिवाण, गाद्या, धान्य, शिवणयंत्र, मोटरचा पलंग, कमोडची खुर्ची. लिहिणारा मुलगा भला होता. "ताई, पलंग मोटरचा असो की साधा, एकच धरतात," म्हणाला. पैसे आईच्या खात्यात आलेही, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या कागदावर मावशींसाठी रकाना नव्हता. असणार तरी कसा?

मावशींचं घर नदीकाठच्या वस्तीत होतं. होतं, एवढंच म्हणता येईल. पाणी उतरल्यावर चार-सहा दिवसांनी त्या आल्या, हातात एक पिशवी. "ताई, माह्यं घरच नाही राह्यलं, त आजीचं घर कुठून सांभाळू? पोरीकडे भिवापूरले चालली मी." त्यांना थांबवायला माझ्याकडे शब्द नव्हते आणि हक्कही नव्हता. रात्रीच्या मुलीच्या बापाने तिला परत पाठवायला साफ नकार दिला, आणि तोही चूक नव्हता. समोरच्या काकूंना त्यांचा मुलगा आठवड्याच्या आत हैदराबादला घेऊन गेला. पोरांनी महिना संपताच खोली सोडली, कारण खालचा चिखल, वास आणि बंद पडलेली मोटर यांत अभ्यास कसा होणार? दसरा यायच्या आत त्या घरात भिंती उरल्या आणि भिंतींना कमरेपर्यंत ओल.

आईला मी पहिल्याच दिवशी घरी आणलं होतं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर आणली ती चौघांनी खुर्चीवरून, आणि वर आली म्हणजे वरचीच झाली. अंगण नाही, फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं नाही, चारचा चहा आहे पण काकू नाहीत. मी आणि नवरा दोघं नोकरीवर, मुलगी कॉलेजात. दिवसाची बाई एजन्सीकडून लावली. एक गेली, दुसरी आली. आईला त्यांची नावं लक्षात राहेनात, आणि त्यांना आईची खोड कळेपर्यंत त्या जात.

रात्रीचं सांगते, म्हणजे पुराचं नुकसान कशाला म्हणते ते कळेल. कार्पोरेशन कॉलनीत आई रात्री उठायची ती डावीकडे वळायची. हाताला शिवणयंत्र लागायचं, मग दाराची चौकट, मग संडासाचा दिवा. डोळे पुरते न उघडताही ती जाऊन यायची. तीस वर्षांत पायांनी पाठ केलेली वाट होती ती. माझ्याकडे पलंगावरून उठून डावीकडे वळलं की बाल्कनीचं सरकतं दार लागतं. रात्रीत दोन-तीनदा ती त्या काचेवर हात फिरवत उभी असायची. आम्ही दाराला कुलूप घातलं, तर कपाट उघडून त्यात दिवा शोधायची. घरी असताना जिला आम्ही "जरा विसरते" म्हणायचो, ती इथे पंधरवड्यात "वेड लागल्यासारखं करते" झाली. बाई तीच होती. फक्त शिवणयंत्र हलवलं होतं.

ऑक्टोबरात ताप आला, लघवीचं इन्फेक्शन निघालं. त्यात ती पाणी कमी प्यायला लागली होती, कारण संडासाला जायची धास्ती. तापात भ्रम झाला, माणसं ओळखेना. डॉक्टरांनी डिलिरिअम सांगितलं, भरती करावं लागलं. ताप उतरला, ओळख परत आली, पण पाय आले नाहीत. पडून राहिल्याने म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूंची ताकद किती लवकर जाते ते फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या मुलीने मला समजावलं. कमरेखाली बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात दिसत होती. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, "घरी चोवीस तासांची दोन माणसं लागतील, नाहीतर चांगली जागा बघा." म्हणजे पुराला महिना उलटून गेल्यावर, एका तापाच्या कागदावर, आई आश्रमाच्या वाटेला लागली. त्या कागदावर पूर हा शब्द कुठेही नाही.

त्याच डॉक्टरांनी जपानचा एक अभ्यास सांगितला, मग मुलीने तो शोधून मला वाचून दाखवला. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीच्या सात महिने आधी इवानुमा नावाच्या गावात पासष्टीच्या पुढच्या लोकांची पाहणी झाली होती, अगदी योगायोगाने. संकटानंतर अडीचेक वर्षांनी संशोधकांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं. त्यांतल्या साडेतीन हजारांवर लोकांची माहिती जुळली. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण आधी ४.१ टक्के होतं ते ११.५ टक्के झालं होतं. वय वाढलं की थोडं वाढणारच, पण ज्यांची घरं मोडली किंवा वाहून गेली त्यांच्यात घसरण जास्त होती. मला थांबवलं ते पुढच्या ओळीने. जवळची माणसं गमावण्याचा बुद्धीच्या घसरणीशी तसा संबंध त्यांना दिसला नाही, घर गमावण्याचा दिसला. आणि घर गेलं की शेजारपाजाऱ्यांशी बोलणं तुटतं, हे त्यामागचं एक कारण त्यांनी मांडलं होतं. त्याच गावावरच्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं, की तात्पुरत्या वस्तीत सोडत काढून एकेकटं पाठवलेल्या लोकांपेक्षा मोहल्लाच्या मोहल्ला एकत्र हलवलेल्यांचे आपसातले संबंध चांगले टिकले. चारच्या चहाला इतक्या लांबून पुरावा मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

जागा शोधायला लागले तेव्हा कळलं, की वृद्धाश्रम या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात. धर्मादाय आश्रम असतात, तिथे कमी पैशांत किंवा फुकट राहता येतं, पण बहुतेक ठिकाणी पहिली अट, माणूस स्वतःचं स्वतः करणारा हवा. पैसे भरून राहायचे असतात, तिथे खोली, जेवण, भजन, बाग, सगळं छान, पण माणूस अंथरुणाला लागला की "घेऊन जा" म्हणतात. अंथरुणावरच्यांना घेणारी केअर सेंटरं वेगळी, तिथे नर्स, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, आया असतात आणि बिल त्या मानाने. आणि चौथा प्रकार म्हणजे बंगल्यात दहा-बारा खाटा टाकून चालवलेली जागा, जिथे पाटी एक असते आणि आत दुसरंच. फोनवर सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "पेशंट संडासला स्वतः जातो का?" आई पेशंट कधी झाली, याचा विचार करायला वेळ नव्हता.

कोराडी रोड, उमरेड रोड, हिंगणा रोड, वर्धा रोड, रविवार रविवार फिरलो. मी न सांगता दुपारी तीनला जायची. जेवणाच्या वेळी सगळीकडे धावपळ असते, तीनला खरं दिसतं. वास येतो का ते कळतं. घंटी वाजवली तर कोण येतं आणि किती वेळाने, तेही कळतं. एका ठिकाणी दुपारी सगळ्या आज्या भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या होत्या आणि एकीचीही कूस बदललेली नव्हती. तिथून मी बेडसोरबद्दल काही न विचारताच निघाले.

एका केअर सेंटरच्या मॅनेजरने मला जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. पुरानंतर त्यांच्याकडे फोन वाढले होते, आणि सगळ्यांचं मागणं एकच, "महिना-दोन महिने ठेवून घ्या, घर वाळलं की नेतो." त्यांनी काही जणांना शॉर्ट स्टे म्हणून घेतलंही. "मग नेलं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, घर वाळतं हो. पण तोवर घरात आजोबांची खाट होती तिथे सोफा आलेला असतो." आधी मला ते फार कडू वाटलं. आता वाटतं, त्यात लोकांचा दुष्टपणा कमी आणि वेळेचा हिशेब जास्त आहे. दोन महिन्यांत बाई दुसरीकडे लागते, भाडेकरू बदलतो, म्हाताऱ्या माणसाचे पाय जातात. परत आणायचं म्हणजे सगळं नव्याने उभं करायचं.

मी मात्र एक प्रश्न सगळीकडे विचारायची, आणि तो ऐकून बरेच जण माझ्याकडे बघत राहायचे: "पाणी आलं तर काय करता?" वर्धा रोडकडची एक जागा आम्हाला मनापासून आवडली होती. स्वच्छ, बोलकी माणसं, जेवण चांगलं. पण मागे नाला, आणि अंथरुणावरचे सगळे तळमजल्यावर. कारण साधं आहे. लिफ्ट नसते, म्हणून चालणारे वर आणि न चालणारे खाली. म्हणजे पाणी आलं की आधी पोचणार कुणाकडे, तर ज्यांना उठता येत नाही त्यांच्याकडे. २००५ मध्ये कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या लुइझियानात सेंट रीटाज नावाच्या नर्सिंग होममध्ये ३५ वृद्ध असेच गेले; त्यांना आधी हलवलंच नव्हतं. पण नुसतं हलवणं हाही उपाय नव्हे. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर जवळच्या मिनामिसोमा शहरातल्या पाच आश्रमांमधून घाईघाईने हलवलेल्या वृद्धांचं मृत्यूचं प्रमाण आधीपेक्षा सुमारे २.७ पट झालं, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. न हलवलं तर पाणी, वाटेल तसं हलवलं तर प्रवास आणि अनोळखी हात. म्हणून आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असावं लागतं, कोण कुणाला उचलणार आणि कुठे नेणार.

दुसरा प्रश्न विजेचा. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळानंतर एका नर्सिंग होमचा एसी बंद पडला आणि उकाड्याने १२ जण दगावले. त्यानंतर तिथल्या सरकारने जनरेटरचा नियम कडक केला. आपल्याकडे एसी सोडा, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि कूलर बंद पडला तर? "इन्व्हर्टर आहे" हे उत्तर सगळे देतात. इन्व्हर्टरवर कूलर किती तास चालतो आणि किती खोल्यांचा, हे विचारलं की खरं बाहेर येतं.

शेवटी ठरली ती जागा हिंगणा रोडच्या बाजूला, थोडी उंचावर. दिसायला सुमार. पण रॅम्प होता, अंथरुणावरचे पहिल्या मजल्यावर होते आणि खाली ऑफिस, स्वयंपाकघर, कपडे धुण्याची जागा. रात्री दोन आया आणि एक ब्रदर. महिन्याचे पैसे आईच्या पेन्शनमध्ये जेमतेम बसत होते. डायपर, औषधं आणि वरचा खर्च मी आणि भावाने वाटून घ्यायचा.

मग कागद. आधार, फोटो, छातीचा एक्सरे, रक्त-लघवी, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, डॉक्टरांचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, जवळच्या दोन नातेवाइकांचे आधार, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. आईचे कागद दिवाणात असायचे. दिवाण पाण्यात होता. आधार लॅमिनेट केलेलं म्हणून कडा फुगल्या तरी वाचता येत होतं, पण आश्रमाला नवी प्रत हवी होती. डाउनलोड करायचं तर ओटीपी येणार आईच्या जुन्या बटणांच्या मोबाइलवर, आणि तो चिखलात गेलेला. मुलीने त्यातलं सिम काढलं, पुसलं, दुसऱ्या फोनमध्ये टाकलं, आणि ओटीपी आला. पेन्शनची पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीची ऑर्डर, मात्र लगद्यासारखी झाली होती, एकमेकांना चिकटलेली पानं. ती दोरीवर चिमट्याने वाळत घातली आणि नंबर वाचता आला तेवढ्यावर भागवलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी या कागदांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावेत, एवढं ऐकाच.

त्यात नोव्हेंबर. म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, म्हणून चेहरा दाखवून करायचं ठरलं. त्या अ‍ॅपमध्ये डोळे मिटून उघडायला सांगतात, माणूस जिवंत आहे हे कळावं म्हणून. आई मोबाइलकडे बघून नुसती हसत राहिली. "आई, डोळे मीट." तिने मिटले, ते उघडलेच नाहीत. तिला वाटलं, झोपायला सांगितलं. शेवटी नातीने समोर बसून डोळे मिचकावले, तेव्हा आजीने तिला उलट मिचकावून दाखवले आणि सरकारदरबारी ती हयात झाली.

हमीपत्रात एक कलम असतं, मृत्यू झाल्यास अंत्यविधी कोण करणार. सगळीकडे असतं, आणि असावंच. तरी ते वाचताना भाऊ फोनवर बराच वेळ गप्प होता. दुसरं कलम असं, की मला इथे कुणी बळजबरीने आणलेलं नाही, मी स्वखुशीने प्रवेश घेत आहे, आणि त्याखाली आईची सही. त्या दिवशी ती चांगली शुद्धीवर होती. चष्मा मागितला, फॉर्म सगळा वाचला आणि पेनने 'स्विकारले' मधली पहिली वेलांटी दुसरी केली. मग सही केली, पूर्ण नावाची, वळणदार. मॅनेजर हसले. मी आईला विचारलं, "आई, कळलं ना कुठे सही केली ते?" ती म्हणाली, "कळलं. घर वाळेपर्यंत."

यावर काय बोलणार. नाही म्हटलं तर क्रूरपणा, हो म्हटलं तर खोटं. मी हो म्हटलं.

नातेवाइकांचं थोडक्यात सांगते, कारण त्याला जास्त जागा द्यायची माझी इच्छा नाही. "कॉलनीतला प्लॉट मोकळा करायला म्हातारीला टाकलं," हे कानावर आलं. आत्याने तर मला २००७ च्या कायद्याची भीती घातली, आई-वडिलांना टाकून दिलं तर तीन महिन्यांची कैद होते म्हणून. तो कायदा मी वाचला आहे. मुलं बघत नसतील तर आई-वडिलांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जाऊन निर्वाह मागावा यासाठी तो आहे, आणि बऱ्याच घरांत त्याची गरज आहे. ज्यांना तशी अडचण असेल त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट. मी आत्याला तो नंबर दिला. त्यानंतर फोन आला नाही.

घर फेब्रुवारीपर्यंत वाळलं. प्लास्टर खरडून नवं केलं, वायरिंग बदललं. मावशींना भिवापूरला फोन केला. त्या म्हणाल्या, "येतो म्हणत होती ताई, पण इथं नातवाले पाहून राह्यली मी आता." काकूंचं घर भाड्याने गेलं होतं. होळीनंतर एक दिवस आईला गाडीत घालून घर दाखवायला नेलं. व्हीलचेअरवरून अंगणात आली, तुळशीला हात लावला, आत गेली. पलंगाच्या जागेपाशी तिने डावा हात लांब केला आणि तिथे काही नव्हतं. मग म्हणाली, "चला, जेवायची वेळ झाली, तिकडे थांबतील." तिकडे म्हणजे आश्रमात. मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरलेलं नाही.

ती तिथे सुखात आहे का, असं विचारतात. बेडसोर भरला. वजन वाढलं. बाजूच्या खाटेवरच्या आजी तुमसरच्या, त्यांच्याशी रोज भांडते, म्हणजे बोलते. मला कधी ओळखते, कधी शाळेतली सहशिक्षिका समजते. घरी मी एकटीने हे केलं असतं तर आतापर्यंत आम्हा दोघींपैकी एक तरी दवाखान्यात असती, याबद्दल मला शंका नाही. आणि पूर आला नसता तर आणखी दोन-तीन वर्षं तरी ती काकूंबरोबर चहा पीत बसली असती, याबद्दलही नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि लोकांना त्यातलं एकच ऐकायचं असतं.

२०२५ च्या जुलैत नागपुरात पुन्हा झोडपणारा पाऊस झाला, तेव्हा मी रात्रीच आश्रमात फोन लावला. मॅनेजरसाहेबांना माझा आवाज पाठ झाला आहे. "मॅडम, पाणी रस्त्यावर आहे, आपल्या फाटकाच्या खाली आहे. आजी झोपल्या आहेत. लाइट गेली होती, जनरेटर चालू आहे." मी विचारलं, जनरेटर कुठे ठेवला आहे? ते म्हणाले, मागच्या शेडमध्ये, खाली. म्हटलं, मग पाणी वाढलं की आधी तोच बंद पडणार. ते थोडे चिडले. पण पुढच्या महिन्यात पैसे भरायला गेले तेव्हा शेडमध्ये तीन फुटांचा ओटा बांधून जनरेटर वर चढवलेला होता, आणि ओट्याचा खर्च म्हणून सगळ्यांच्या बिलात पाचशे रुपये जास्त लावले होते. भरले.